जिन्यातली कयाक

मंगळवारी दुपारी पावणेतीन वाजता ओताकार ब्लाझेकने गाडीत बसल्या बसल्या गॅरेजचे दार उघडायचे बटण दाबले, दार पूर्ण वर जाईपर्यंत शांतपणे वाट पाहिली आणि गेली एकोणीस वर्षे नेत होता तशीच गाडी सरळ आत नेली. फरक इतकाच, की त्या एकोणीस वर्षांत गाडीच्या टपावर कधी कयाक नव्हती.

आवाज फार मोठा झाला नाही. जाड कवचाचा पाव कोणी गुडघ्यावर मोडावा तसा झाला. ओताकारने गाडी थांबवली, आरशात पाहिले, मग वर पाहिले, आणि वर छत असल्यामुळे काहीच दिसले नाही म्हणून दोन मिनिटे तसाच बसून राहिला. खाली उतरायची घाई नव्हती. जे व्हायचे ते झाले होते, आणि उतरल्यावर ते दिसणार होते.

उतरल्यावर दिसले. कयाकचे लाल नाक दाराच्या वरच्या भिंतीवर आपटून चेचले गेले होते आणि त्यात मूठ जाईल एवढे भोक पडले होते. टपावरच्या आडव्या दांडीवर जिथे तिचे पोट टेकले होते तिथे हातभर चीर गेली होती. भिंतीला मात्र काही झाले नव्हते. भिंत ओताकारच्या सासऱ्याने बांधलेली होती.

कयाक ल्युदमिलाची होती. ल्युदमिला म्हणजे ओताकारची बायको. एकवीस वर्षांची असताना, एका हिवाळ्यात, नदीकाठच्या नौका क्लबच्या बॉयलरखोलीत तिने एकट्याने वल्हवायची ही फायबरची कयाक स्वतःच्या हातांनी बनवली होती. तेव्हापासून दर वसंतात क्लबचे लोक लुझनित्से नदी 'उघडतात' त्या रविवारी ती याच कयाकमध्ये बसून गिरणीच्या बंधाऱ्यावरून उडी घेत असे. यंदाचा तो रविवार पाच दिवसांवर आला होता. ल्युदमिला गुडघ्यासाठी त्रेबोनला चिखलाच्या अंघोळी घ्यायला तीन आठवडे गेली होती आणि शनिवारी दुपारी चारच्या बसने परतणार होती. ती येईपर्यंत कयाक क्लबच्या शेडमधून घरी आणावी, धुवावी, मेण लावून चकचकीत करावी आणि तिला चकित करावे, असा ओताकारचा बेत होता. त्यातला चकित करण्याचा भाग आता नक्की झाला होता.

खरे तर गावात कोणाची बोट फुटली की लोक एकाच माणसाकडे जात. रोस्तिस्लाव हाव्रानेककडे. पण ओताकारला तो रस्ता बंद होता. ल्युदमिलाला फायबरचे काम शिकवले ते याच हाव्रानेकने, त्याच बॉयलरखोलीत, त्याच हिवाळ्यात. तो सगळा हिवाळा ती दोघे तिथे काय बोलत असतील, याचा विचार ओताकार गेली सदतीस वर्षे करत होता. त्याने बायकोला कधी विचारले नव्हते. विचारण्यासारखे काही असेल तर उत्तर ऐकायला नको, आणि नसेल तर विचारल्याची लाज. हाव्रानेक चौकात समोरून आला की दोघे एकमेकांना "नमस्कार" म्हणत आणि आपापल्या वाटेने जात. ओताकारचे चौकातच चष्म्याचे दुकान होते, पण हाव्रानेक चष्मा करायला सतरा किलोमीटर लांब ताबोरला जाई. हेही ओताकारने ध्यानात ठेवले होते.

संध्याकाळी सहाला, रोजच्यासारखा, ल्युदमिलाचा फोन आला.

"काय करतोयस?"

"काही नाही. बसलोय."

"तू नुसता कधी बसतोस?"

"आज बसलोय."

"बरं. शेडमध्ये जाऊन माझी बोट तेवढी बघून ये. मागच्या साली उंदरांनी सीट कुरतडली होती."

"बघितली. उंदरांनी काही केलेलं नाही," ओताकार म्हणाला, आणि हे अक्षर न् अक्षर खरे होते.

बुधवारी सकाळी दुकानाला कुलूप लावून तो ताबोरला गेला. जो माणूस अर्ध्या मिलिमीटरचा स्क्रू चिमट्याने बसवतो, त्याला एक भोक बुजवता येऊ नये असे काही नाही, असे त्याने स्वतःला समजावले. रंग आणि रसायनांच्या दुकानात एक जाडजूड म्हातारा बसला होता.

"रेझिन पाहिजे. आणि काचेचं कापड," ओताकार म्हणाला.

"कशासाठी?"

"बाथटबला चीर गेलीय."

"केवढा टब?"

ओताकारला खोटे बोलायची सवय नव्हती, आणि मापांच्या बाबतीत तर मुळीच नव्हती. "चार मीटर दहा."

म्हाताऱ्याने मान वर केली. "कुटुंब मोठं दिसतंय."

"रुंदी फक्त साठ सेंटीमीटर आहे."

"मग एकामागे एक बसत असाल," म्हातारा म्हणाला आणि डबे काढू लागला. "शंभर भाग रेझिनला दोन भाग हार्डनर. जास्त नाही. थंडीत घट्ट होत नाही, ऊब लागते. आणि एकदम ढीगभर ओतू नका, फार तापतं ते. थोडं थोडं. ऐकताय ना?"

ओताकार डब्यावरची बारीक अक्षरे वाचत होता. थंडीपर्यंतचे त्याने ऐकले होते.

त्या संध्याकाळी गॅरेजमध्ये त्याने चिरेच्या कडा घासल्या, कापडाचे तुकडे कापले, दोन टक्के हार्डनर थेंब मोजून घातले आणि आतून पहिला थर दिला. काम सुबक झाले होते. एप्रिल महिना असला तरी गॅरेजमध्ये सात अंश होते. गुरुवारी सकाळी त्याने बोट लावून पाहिले तेव्हा थर आदल्या रात्रीपेक्षाही पातळ वाटला. मधाच्या बरणीत बोट घालावे तसे झाले. ते सगळे पुसून काढण्यात आणि हात धुण्यात दुपार झाली.

मग त्याने कयाक घरात घेतली. पुढच्या दारातून तिरकी करत, चपलांच्या कपाटावरून सरकवत, जेवणाच्या टेबलावर आणून पालथी घातली. गालिचा गुंडाळला, शेगडी पेटवली, खोली चोवीस अंशांवर आणली. चिरेतून रेझिन टेबलावर गळू नये म्हणून बाहेरून वर्तमानपत्राच्या घड्या चिकटपट्टीने घट्ट बांधल्या, कयाक उलटवली आणि आतून नवे थर दिले. या वेळी थर तासाभरात दगडासारखा घट्ट झाला. ओताकारने स्वतःसाठी एक बिअर उघडली.

शुक्रवारी सकाळी त्याने चिकटपट्ट्या सोडवल्या. वर्तमानपत्र सुटले नाही. जिल्ह्याच्या पत्राचे पान सात बोटीच्या पोटात कायमचे मुरले होते आणि काचेखाली ठेवल्यासारखे स्वच्छ वाचता येत होते. पान सात म्हणजे निधनवार्ता. बायको बंधाऱ्यावरून उडी घेणार ती पोटाला तीन मयतांची नावे लावून, हे काही बरे दिसले नसते. त्याने घासकागद घेतला आणि दोन तास घासत बसला. सगळ्यांत शेवटी 'आमची प्रेमळ आजी' गेली.

काचेची पूड सगळीकडे उडाली होती. कॉलरमध्ये, बाह्यांमध्ये, मोज्यांमध्ये. तो कचरा टाकायला बाहेर आला तेव्हा दोन्ही हातांनी मान खाजवत होता. कुंपणापलीकडे शेजारच्या शेबेस्तोव्हाबाई कांद्याला पाणी घालत होत्या.

"अहो ब्लाझेक, कांजिण्या आल्या का हो तुम्हाला?"

"नाही. काचेची पूड आहे."

"घरीच करता का आता चष्मे?"

"दुकानात जागा पुरत नाही," ओताकार म्हणाला आणि आत गेला.

आता नाक उरले होते. नाकाचे भोक आतून बुजवायचे तर हात तिथवर पोचत नव्हता, कारण बसायच्या जागेपासून नाकापर्यंत दीड मीटरचा निमुळता बोगदा होता. ल्युदमिलाच्या कपाटात क्लबची एक जुनी चोपडी होती, तिच्यात लिहिले होते की नाक भरायचे असेल तर बोट नाकावर उभी करावी आणि वरून नळीने रेझिन सोडावे. चार मीटर दहाची कयाक उबेत उभी राहील अशी घरात एकच जागा होती. जिना.

कयाक जिन्यात उभी करायला त्याला पाऊण तास लागला. शेपूट वरच्या मजल्याच्या कठड्याला कपडे वाळत घालायच्या दोरीने बांधली. नाकाला बाहेरून चिकटपट्टीचे सहा वेढे दिले. खाली फरशीवर नाक घसरू नये म्हणून काहीतरी खोलगट हवे होते, तेव्हा त्याने स्वयंपाकघरातून ल्युदमिलाचे सर्वांत मोठे पातेले आणले. रविवारी क्नेडलिकी, म्हणजे कणकेचे उकडलेले गोळे, त्यातच शिजत. नाक पातेल्यात अगदी नीट बसले. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभे राहिले की बसायचे भोक बरोबर छातीसमोर येत होते. सगळे मापात होते.

गॅरेजमधल्या फजितीवरून ओताकारने एक धडा घेतला होता, की हार्डनर कमी पडता कामा नये. म्हणून दोनऐवजी पाच टक्के घातले. आणि पुन्हा पुन्हा ओतत बसायला वेळ नव्हता, म्हणून लिटरभर एकदमच सोडले.

पहिली पाच मिनिटे छान गेली. मग नळी हाताला कोमट लागली. आणखी दोन मिनिटांनी पातेल्याचा कान धरवेना. चिकटपट्टीचे सहा वेढे एकेक करून सैल झाले, रेझिन शांतपणे पातेल्यात उतरले आणि तिथेच जागा आवडल्यासारखे थिजले. बसायच्या भोकातून पांढरा धूर निघू लागला आणि जिन्याच्या वळणावरून वर चढत झोपायच्या खोलीत शिरला. ओताकारने सगळ्या खिडक्या उघडल्या, दोन टॉवेल भिजवून पातेल्याभोवती गुंडाळले आणि खालच्या पायरीवर बसला. जिन्यात धूर सोडणारी, पातेले घातलेली लाल कयाक उभी होती, आणि ल्युदमिलाची बस यायला सव्वीस तास उरले होते.

दाराची घंटा वाजली. शेबेस्तोव्हाबाई होत्या.

"काय जळतंय हो?"

"रस्सा करपला."

"हा रस्सा नाही," बाई नाक वर करून म्हणाल्या. "हा वास मला पाठ आहे. क्लबच्या बॉयलरखोलीमागेच माझी कपडे वाळवायची दोरी होती. तुमच्या बायकोनं बोट केली त्या हिवाळ्यात माझ्या चादरींना हाच वास यायचा. मी हाव्रानेकला फोन केलाय."

"त्याला कशाला?"

"मग कुणाला करू? आगीच्या बंबाला केला असता तर ते भोंगा वाजवत आले असते. माझा केक आहे ओव्हनमध्ये. दणक्यानं बसतो तो."

दहा मिनिटांत रोस्तिस्लाव हाव्रानेक सायकलवरून आला. उंच, पांढऱ्या दाढीचा, हातात रंगाचे डाग पडलेली पेटी. चष्म्याची एक दांडी तुटलेली होती आणि सांध्यावर वाटाण्याएवढा रेझिनचा गोळा थापलेला होता.

"नमस्कार," तो म्हणाला.

"नमस्कार," ओताकार म्हणाला.

सदतीस वर्षांत संभाषण इथपर्यंत पुष्कळदा आले होते. हाव्रानेक जिन्याकडे गेला. त्याने कयाककडे खालून वर पाहिले, मग वरून खाली पाहिले.

"पातेल्यात का?"

"आधाराला."

"हं." थोड्या वेळाने त्याने विचारले, "हार्डनर किती घातलंत?"

"पाच टक्के."

"आणि रेझिन?"

"लिटर. एकदम."

हाव्रानेकने चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला. "घर जाग्यावर आहे, हे एक बरं झालं."

"ल्युदमिला उद्या येतेय," ओताकार म्हणाला. "चारच्या बसनं. तुम्हाला हसायचं असेल तर हसून घ्या, पण तिला..."

"हसतोय कोण? मी एकदा क्लबच्या अध्यक्षांची बोट खिडकीच्या चौकटीला चिकटवली होती. खिडकीसकट काढावी लागली. करवत आणा."

"बोटीला करवत लावायची?"

"मग पातेल्याला लावता का?"

त्यांनी कयाक खाली उतरवून आडवी केली आणि नाकाचा वीतभर तुकडा पातेल्यासकट कापून काढला. पातेल्यात पारदर्शक खडक झाला होता आणि त्यातून लाल नाक वर डोकावत होते. ओताकारने ते मागच्या ओट्यावर नेऊन ठेवले, जरा लांबच.

मग खरे काम सुरू झाले. हाव्रानेकने पुठ्ठ्याचे नाक करून त्यावर फरशीचे मेण चोपडले, म्हणजे त्याला काही चिकटणार नाही. त्यावर थर द्यायचे, एकावर एक, पातळ पातळ. पहिला थर हाव्रानेकने दिला. दुसऱ्या थराच्या वेळी ओताकार म्हणाला, "इथे बुडबुडा राहिलाय."

"कुठे?"

"इथे. आणि इथे. आणि हा बारका."

हाव्रानेकने डोळे बारीक केले. त्याला एकही दिसत नव्हता. त्याने ब्रश ओताकारच्या हातात दिला. ओताकारने दुकानातून आपला लेन्स पुसायचा बारीक ब्रश, चिमटा आणि सोनाराचा असावा तसा तराजू आणला. कापडाचे तुकडे तो असे कापू लागला की कडेला कडा लागली तरी जोड दिसू नये. हार्डनर थेंबात नाही, मिलिग्रॅममध्ये मोजू लागला. चौथ्या थरानंतर हाव्रानेक बाजूला सरकून नुसता बघत उभा राहिला.

"असे हात क्लबात कुणाचे नाहीत," तो म्हणाला.

ओताकारचे कान लाल झाले. त्याने खाली मान घालून पाचवा थर दिला.

दोन थरांमध्ये तासभर थांबावे लागे. पहिल्या तासात दोघे स्वयंपाकघरात बसून पाव आणि सॉसेज खात होते. दुसऱ्या तासात ओताकारला दांडीवरचा तो रेझिनचा गोळा बघवेना.

"तो चष्मा काढा बघू," तो म्हणाला.

"असू दे. चालतोय तो."

"मला दिसतोय, म्हणून सांगतोय. काढा."

त्याने रेझिनचा गोळा कापून काढला, नवा सांधा बसवला, काचा तपासल्या. डावा नंबर चुकलेला होता, आणि तसे तो म्हणाला.

"तरीच," हाव्रानेक म्हणाला. "वर्षभर मला क्लबची पाटी तिरकी दिसतेय. मी दोनदा सरळ केली."

"ताबोरला कशाला जाता? माझं दुकान चौकात आहे."

"तुम्ही रागावला असाल म्हणून."

"रागावलोच होतो," ओताकार म्हणाला. "पण नंबर बरोबर काढला असता."

मग ओताकारने कपाटातून अलुबुखाराच्या दारूची बाटली काढली, दोन पेले भरले, आणि आपला पेला हातातच धरून, टेबलाकडे बघत विचारले.

"ती बोट करत होती, त्या हिवाळ्यात. तुम्ही दोघं..."

"मी विचारलं होतं तिला," हाव्रानेक म्हणाला. "लग्न करशील का म्हणून. मार्चमध्ये, शेवटचा थर दिला त्या दिवशी."

"मग?"

"नाही म्हणाली."

"का?"

"कारण सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. असल्या गोष्टीचं कारण विचारून काय होतं? दुसऱ्या वर्षी तिनं तुमच्याशी लग्न केलं."

"मला वाटायचं," ओताकार हळूच म्हणाला, "की ती दर रविवारी नदीवर जाते, ती..."

"ती नदीवरच जाते. माझ्याकडे ढुंकून बघत नाही. बघितलंच तर वल्हं वाकडं धरलं म्हणून शिव्या घालते."

"मलाही घालते. गाडी चालवताना."

"मागच्या साली बंधाऱ्यावर ऐकायला पाहिजे होतं तिचं," हाव्रानेक म्हणाला, आणि मंगळवारपासून पहिल्यांदाच ओताकार हसला. मंगळवारपासून कसला, याविषयी म्हणाल तर सदतीस वर्षांत पहिल्यांदाच. दोघांनी पेले टेकवले आणि अहो-जाहो सोडून अरे-तुरेवर आले. आमच्याकडे ही गोष्ट साधी नसते. एकदा अरे म्हटले की माघारी फिरता येत नाही.

शनिवारी चारच्या बसला आणायला जायचे दोघेही विसरले. ल्युदमिला बॅग ओढत चालत आली. वास तिला फाटकातच आला. तिने बॅग अंगणात ठेवली, दार उघडले आणि बैठकीच्या खोलीच्या उंबऱ्यात उभी राहिली. जेवणाच्या टेबलावर तिची बोट होती. एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला रोस्तिस्लाव हाव्रानेक, दोघांच्या अंगात तिचे स्वयंपाकाचे ॲप्रन, आणि दोघे तल्लीन होऊन नाक घासत होते. नव्या नाकाचा लाल रंग जुन्यापेक्षा जरा भडक झाला होता, सर्दी झाल्यासारखा.

कोणी काही बोलण्याआधी ती बोटीभोवती एक फेरी मारून आली. पोटावर बोटाच्या पेराने टिचक्या मारून पाहिल्या. नाकावरून अंगठा फिरवला, एकदा, पुन्हा एकदा.

"कशी फुटली?"

"गॅरेजच्या भिंतीवर," ओताकार म्हणाला. "टपावर आहे हे विसरलो."

"भिंतीला काही?"

"नाही."

"बाबांनी बांधलीय ती. हे नाक कुणी केलं?"

"त्यानं," दोघे एकदम म्हणाले आणि दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवले.

"थर त्यानंच दिलेत," हाव्रानेक म्हणाला. "मी फक्त सांगत होतो. बघ, एकतरी बुडबुडा सापडतो का."

ल्युदमिलाने खिडकीच्या उजेडात नाक निरखून पाहिले. बुडबुडा नव्हता. तिने नवऱ्याकडे पाहिले, जरा जास्तच वेळ, आणि चहा ठेवायला आत गेली. मागच्या दारातून तिला ओटा दिसला असावा, कारण ती लगेच परत आली.

"ते पातेलं कुणाच्या डोक्यातून आलं?"

या खेपेला कोणी कोणाकडे बोट दाखवले नाही.

रविवारी नदी उघडली. ऊन होते, पाणी बर्फासारखे गार होते. अध्यक्षांनी लाकडाची मोठी किल्ली पाण्यात बुडवून फिरवली, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि बोटी सुटल्या. ल्युदमिला बंधाऱ्यावरून उतरली, फेसात पार नाहीशी झाली आणि दहा हात पुढे ताठ बसलेली वर आली. बोटीत थेंबभर पाणी नव्हते. तिने वल्हे उंच धरून काठाकडे पाहिले. काठावर नवरा आणि हाव्रानेक नदीकडे पाठ करून उकिडवे बसले होते. अध्यक्षांच्या होडीच्या तळाला एक चीर होती, आणि ओताकार तिच्यावर भिंग धरून बसला होता.

त्यानंतर रोस्तिस्लाव मंगळवारी आणि गुरुवारी येऊ लागला. जूनमध्ये सोमवारीही येऊ लागला. गॅरेजमध्ये दोघांनी दोन माणसांची नवी बोट करायला घेतली, त्यामुळे गाडी रस्त्यावर लिंडनच्या झाडाखाली उभी राहू लागली आणि वरून पडणाऱ्या चिकट मधाने माखू लागली. गावातले लोक फुटकी बोट घेऊन येत आणि चष्म्याच्या दुकानाबाहेर टेकवून ठेवत.

अशाच एका गुरुवारी ओताकार जेवणाआधी कोठीघरात काकडीच्या लोणच्याची बरणी आणायला गेला. भिंतीपलीकडे ल्युदमिला बहिणीशी फोनवर बोलत होती.

"नाही ग, भांडत नाहीत. भांडले असते तर बरं. चोवीस तास एकच विषय... अग, मी त्या रोस्तिस्लावला नाही का म्हटलं, माहितेय तुला? हिवाळाभर बघत होते. जेवतानासुद्धा बोटींशिवाय दुसरं बोलायचा नाही. माणूस सोन्यासारखा, पण जन्मभर असं कोण ऐकणार? ओताकार बिचारा चष्म्याबद्दल घरी एक शब्द काढायचा नाही. चेरी, पाऊस, शेजारीपाजारी, काय वाटेल ते बोलायचा. तेवढ्यावर तर मी हो म्हटलं... हो ना. आता टेबलावर दोन रोस्तिस्लाव बसतात माझ्या."

ओताकार बरणी हातात धरून कोठीघरात उभा राहिला. सदतीस वर्षे ज्या प्रश्नाने त्याला छळले त्याचे उत्तर भिंतीतून आले होते, आणि ते अगदी साधे होते. मग त्याला आठवले की आज सकाळपासून तो बायकोशी जी काही वाक्ये बोलला होता, ती सगळी कापडाच्या वजनाविषयी होती.

तो बाहेर आला. रोस्तिस्लाव टेबलाशी बसून पावाच्या तुकड्याने बोटीचा तळ कसा वळतो ते ताटात आखत होता.

"एवढा वेळ?" त्याने विचारले. "काय झालं?"

"काही नाही."

ल्युदमिला वाफाळते क्नेडलिकी घेऊन आली आणि वाढू लागली. ओताकारने घसा साफ केला. मनात शेपटीच्या सहाव्या थराचा विषय होता, तो त्याने गिळला.

"यंदा चेरी चांगल्या धरल्यात," तो म्हणाला. "शेबेस्तोव्हाबाईंच्या झाडाला तर फांदी दिसत नाही."

ल्युदमिलाचा वाढता हात थांबला.

रोस्तिस्लावने मान वर केली आणि विचार केला. "चेरी नको," तो म्हणाला. "वल्ह्याला जड पडेल रे ते लाकूड."

ल्युदमिलाने सर्वांत मोठा क्नेडलिक नवऱ्याच्या ताटात ठेवला, आणि त्यावर दोन चमचे रस्सा जास्त घातला.